एप्रिलमध्ये भांडलेली पोरं ऑगस्टमध्ये एका टीममध्ये कशी खेळवायची?

प्रश्न विचारणारे सर चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका हायस्कूलला नव्याने लागलेले क्रीडाशिक्षक आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. एप्रिलमध्ये गावात टेनिस बॉलची स्पर्धा झाली. फायनलला गावची टीम आणि डोंगरातल्या पावरा आदिवासींच्या पाड्याची टीम समोरासमोर आली. शेवटच्या ओव्हरला रनआउटवरून वाद पेटला, स्टंप उपटले गेले, मोठी माणसं मध्ये पडली म्हणून निभावलं. आता जूनमध्ये त्याच पाड्यावरची पाच-सहा पोरं वसतिगृहात राहून याच शाळेत नववी-दहावीला आली आहेत. सतरा वर्षांखालच्या जिल्हा शालेय स्पर्धेला टीम एकच जाणार. सरावाला सगळे येतात, पण दोन कोंडाळी करून उभे राहतात. कॅप्टन कोण, यावर आतापासूनच पालकांचे फोन येतात. "सर, यांची मैत्री कशी करू?"

मैत्री करून द्यायच्या भानगडीत तुम्ही पडू नका, सर. ती झाली तर त्यांची ते करतील. तुमच्या हातात आहे ते एवढंच, की एकाशिवाय दुसऱ्याचं अडेल अशा जागांवर त्यांना उभं करायचं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पोरं खेळवताना मी हेच करत आलो आहे. गुजर आणि भिल्ल, लेवा पाटील आणि तडवी, बंजारा तांड्यावरची आणि गावातली, जोड्या बदलतात, कोंडाळी मात्र सगळीकडे सारखीच दिसतात.

एक गोष्ट आधी सांगतो, बाकीचं विसरलात तरी चालेल. पहिला महिनाभर सरावात गाव विरुद्ध पाडा अशी मॅच एकदाही लावू नका. मोह होतो, कारण दोन टीम आयत्या तयार असतात आणि पोरंही मागे लागतात, "सर, होऊन जाऊ द्या एकदा." मास्तरांनाही वाटतं की तेवढीच ईर्ष्या राहील, पोरं जोर लावतील. जोर लावतील, पण तो एप्रिलचा हिशेब चुकता करण्यासाठी. सरावाची प्रत्येक मॅच मिश्र टीमची, आणि टीम तुम्ही पाडायच्या. दोन कॅप्टन उभे करून "तू एक घे, तू एक घे" हा प्रकार तर बंदच करा. त्यात पाड्यावरचं पोरगं शेवटी उरतं आणि सगळ्यांसमोर उरतं.

हे माझं एकट्याचं मत नाही. मॅट लो नावाच्या एका अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशाच्या ग्रामीण भागात नेमका याचाच प्रयोग केला होता. वेगवेगळ्या जातींचे 1,261 तरुण त्यात होते. महिनाभर चालणाऱ्या क्रिकेट लीग भरवल्या. एका जातीच्या टीममध्ये कोण जाणार, मिश्र टीममध्ये कोण आणि लीगबाहेर कोण राहणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले. एकाच टीममधून खेळलेल्यांची दुसऱ्या जातीत दोस्ती वाढली, आणि निवड करताना आपल्याच माणसाला झुकतं माप देणं कमी झालं. दुसऱ्या जातीची पोरं ज्यांच्यासमोर प्रतिस्पर्धी म्हणून आली, त्यांच्यात बहुतेक बाबतीत उलटं घडलं. म्हणजे एका मैदानावर नुसतं आणून सोडल्याने काही होत नाही. खांद्याला खांदा लावून आणलं की समोरासमोर आणलं, यावर सगळं ठरतं.

आता बॉल. टेनिस बॉल पेटीत घालून कुलूप लावा. शिस्तीसाठी नाही, हिशेबासाठी. टेनिसवर प्रत्येकाचं नाव आधीच ठरलेलं आहे: हा सिक्सर मारणारा, तो यॉर्करवाला, त्याने आपल्याला एप्रिलमध्ये बोल्ड काढलं होतं. जिल्हा स्पर्धा तशीही सीझन बॉलवर, म्हणजे चामड्याच्या बॉलवर होते. टेनिस बॉल साधारण 57-58 ग्रॅमचा, सीझन बॉल 156 ते 163 ग्रॅमचा, जवळजवळ तिप्पट. तो पहिल्यांदा मनगटाला लागला की गावचा आणि पाड्याचा एकाच सुरात ओरडतो. टेनिसवर आडव्या बॅटने लाँगऑनला फेकून देणारा हिरो सीझन बॉलला पाय मागे ओढतो, आणि ते दोन्ही कोंडाळ्यांना दिसतं. पहिल्या आठवड्यात कुणीच मोठा नसतो. दोन्हीकडची पोरं सारखीच नवखी असण्याचा हा काळ फार थोडा असतो, तो वाया घालवू नका. मात्र हेल्मेट, गार्ड आणि पॅड असल्याशिवाय कुणालाही नेटमध्ये उभं करायचं नाही. हेल्मेट दोन-तीनच असतील, आणि दुसऱ्याच्या घामाचं हेल्मेट घालताना नाकं मुरडली जातात. त्या नाक मुरडण्यात घाम किती आणि जात किती हे पोरांनाही सांगता यायचं नाही, आणि तुम्ही तपासतही बसू नका. प्रत्येकाला एकेक सुती रुमाल आणायला सांगा, तो डोक्याला बांधून वरून हेल्मेट. विषय संपतो.

आता पिचवर अंथरायच्या मॅटचं थोडं सविस्तर सांगतो, कारण मला त्यात सगळ्यात जास्त मिळालं आहे. आपल्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात पाय रुततो. म्हणून खाली मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून वर काथ्याची मॅट अंथरायची. पूर्ण मॅट 66 फूट लांब आणि 8 फूट रुंद असते. कोरडी असताना चार जणांना जमते, पावसात भिजली की आठ-दहा जणांनाही हलत नाही. हे काम शिपायाला देऊ नका, पोरांनाच द्या, आणि जोड्या लावून द्या. एका टोकाला खिळे ठोकून झाले की दुसऱ्या टोकाने सगळ्यांनी मिळून ताणायचं. एक जण जरी सैल पडला तर मध्ये फुगा येतो, आणि त्या फुग्यावर पडलेला बॉल कुणाच्या तोंडावर जाईल ते सांगता येत नाही. खिळा सरळ ठोकला तर ताणाने उपटून येतो. तो ताणाच्या उलट्या बाजूला कलता ठोकावा लागतो, डोकं मॅटच्या काठात पूर्ण बुडवून. एकाने मॅट ओढून धरायची, दुसऱ्याने हातोडी मारायची. धरणाऱ्याची बोटं मारणाऱ्याच्या हातोडीखाली असतात.

एका शाळेत अशाच दोन कोंडाळ्यांची टीम होती. जुलैमधला सराव चालू असताना पश्चिमेकडून पाऊस चाल करून आला. मॅट अंथरलेली. गावची पोरं नेहमीप्रमाणे किट उचलून व्हरांड्याकडे पळाली. डोंगरातला एक बारकेला पोरगा तिथेच बसून खिळे काढायला लागला, एकटा. ओली झाली की ती वाळायला किती दिवस घेते आणि नाही वाळली तर कुजते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पण घरी पावसाआधी ज्वारी झाकायची सवय असणार. कीपर होता गावातल्या मोठ्या घरचा, तो पायरीवरून बघत होता. मग तो परत पळत आला आणि म्हणाला, "थांब भो, हातोडीच्या मागच्या बाजूने काढ, वाकतील ते." दोघं खिळे काढत सुटले, मग बाकीचे आले, मॅट गुंडाळून शेडखाली ओढेपर्यंत सगळे चिखलाने भरले. मी एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून मॅटचा कारभार त्या दोघांकडे दिला, आणि त्या बारकेल्याला मी नंतर लेगस्पिन टाकायला लावली. विकेटमागे कीपर तोच मोठ्या घरचा पोरगा होता.

ही गोष्ट गोड वाटते म्हणून सावध करतो. त्या वर्षी त्याच टीममधली दुसरी दोन पोरं हंगाम संपेपर्यंत एकमेकांशी धड बोलली नाहीत, आणि तरी एकमेकांचे कॅच व्यवस्थित घेत होती. तेही चालतं.

कामं वाटताना तुमच्याच नकळत एक घोळ होतो. मिश्र टीम झाली की बॅटिंगचे वरचे चार नंबर गावच्या पोरांकडे जातात, कारण बॅट त्यांच्या आहेत, पॅड त्यांच्या आहेत, सुट्टीत ती जळगावला कुठल्या तरी कोचिंगला जाऊन आलेली असतात. पाड्यावरच्या पोरांच्या वाट्याला येते फास्ट बॉलिंग आणि बाउंड्रीवरची फिल्डिंग. वर आपणच कौतुकाने म्हणतो, "डोंगरातली पोरं आहेत, काटक असतात, गोफण मारून मारून हात तयार असतो." यात कौतुक आहे असं आपल्याला वाटतं, पोराला मात्र ऐकू येतं की डोक्याचं काम तुझं नव्हे. हात तयार असेलही, पण खांदा कुणाचाही फाटतो, आणि बॅट दिल्याशिवाय बॅटिंग कुणालाच येत नाही. म्हणून ओपनिंगची जोडी मिश्र करा. कीपर आणि मुख्य स्पिनर मिश्र जोडी. स्लिपमध्ये शेजारी-शेजारी मिश्र. पाड्यावरचं एक तरी पोरगं पहिल्या चारात उतरलं पाहिजे, आणि गावच्या एका तरी पोराने दिवसभर डीप फाइन लेगला धावलं पाहिजे. किट सगळं शाळेच्या एका बॅगेत. ज्याची स्वतःची बॅट असेल त्याने ती वापरावी, पण नेटमध्ये दुसऱ्याने मागितली तर द्यायची. हे पहिल्याच दिवशी पालकांना सांगून टाका, नंतर सांगितलं तर भांडण होतं.

पाणी कोण आणतं तेही बघा. माठ भरायला, हरवलेला बॉल केळीच्या बागेतून शोधून आणायला, स्टंप पोचवायला रोज तीच ती पोरं जातात का? कुणी ठरवून करत नाही, पण होतं. फळ्यावर वार लावून पाळी लिहून ठेवा. माठ एक, पेला एक, वरून पिणार तर सगळ्यांनी वरून प्यायचं. पुण्यात दलित समाजातले बॉलर पालवणकर बाळू यांना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळायचा, तेही ज्यांना तेच मॅच जिंकून देत होते त्या टीममध्ये. शंभराहून जास्त वर्षं झाली. मैदानावरचं वागणं सुधारलं म्हणून माठाजवळचं आपोआप सुधारतं, असा माझा अनुभव नाही.

बाळूंचं नाव निघालंच आहे तर कॅप्टनचंही इथेच सांगतो. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यावर या डावखुऱ्या स्पिनरने शंभराहून जास्त विकेट काढल्या. तेव्हा मुंबईत पारशी, हिंदू, मुसलमान अशा धर्मावर पाडलेल्या टीमच्या स्पर्धा चालत, त्या 1946 पर्यंत चालल्या. त्यात हिंदूंच्या टीमला बाळूंची बॉलिंग हवी होती, पण कॅप्टनपद त्यांना दिलं नाही. ते मिळालं त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना, 1923 मध्ये, आणि तेही बऱ्याच वादानंतर. तुमच्या प्रश्नात हीच गोष्ट दडलेली आहे. बॉल द्यायला कुणाची हरकत नसते, फिल्डिंग कोण लावणार यावर पालकांचे फोन येतात.

माझं मत विचाराल तर कॅप्टन लगेच जाहीर करू नका. तीन आठवडे सरावाच्या मॅचला रोज वेगळा कॅप्टन द्या आणि बघत राहा. बॉलर मार खात असताना त्याच्याजवळ कोण जातो, ओव्हर किती उरल्या हे कुणाच्या डोक्यात असतं, आपल्या कोंडाळ्याबाहेरच्या पोराला बॉल कोण देतो. ते कळलं की एक नाव ठरवा आणि हंगामभर बदलू नका. "अर्ध्या मॅच याला, अर्ध्या त्याला" ही वाटणी सरपंचपदाची असते, क्रिकेटची नव्हे. पोरांनाही कळतं की सरांना निर्णय घेता येत नाही. व्हाइस कॅप्टन दुसऱ्या बाजूचा करा, पण त्याला शोभेचा ठेवू नका. स्पिन सुरू झाली की फिल्डिंग तो लावेल, हे कॅप्टनसमोर आणि सगळ्यांसमोर सांगा. आणि पाड्यावरचा पोरगा कॅप्टन म्हणून जास्त योग्य ठरला तर त्यालाच करा. मग गावातून फोन येतील. मुख्याध्यापकांना आधी विश्वासात घेऊन ठेवलं असेल तर त्या फोनला उत्तर एकच, "निवड शाळेची आहे."

रनआउटवरून तुमच्याकडे आग लागली होती, म्हणून कॉलिंगवर वेळ घाला. एक अहिराणीत "पय पय" (पळ पळ) ओरडतो, दुसरा पावरी बोलीत काहीतरी म्हणतो, तिसरा नुसता हात हलवतो. तीन हाका ठरवा, "येस, नो, वेट", बाकी काही बोलायचं नाही. बॉल बॅट्समनच्या पुढे असेल तर हाक त्याची, मागे गेला तर नॉनस्ट्रायकरची. हाक दिली की प्रश्न नाही, पळायचं. मिश्र जोड्या लावून बॉलशिवाय नुसतं पळवा, पॅड बांधून, दमेपर्यंत. रनआउट झालाच तर चूक कुणाची हे ठरवायचा हक्क फक्त तुमचा, आणि तोही मॅच संपल्यावर. कॅचलाही तसंच. दोघं एका बॉलखाली आले की मोठ्याने नाव घ्यायचं, आपलं नव्हे, ज्याने घ्यायचा त्याचं. दुसऱ्या कोंडाळ्यातल्या पोराचं खरं नाव काय, हे काहींना इथेच पहिल्यांदा कळतं.

आणखी एक भांडण येणार आहे, आजच तयारी ठेवा. टेनिसवर जोरात टाकणाऱ्या पोरांची ॲक्शन बऱ्याचदा फेकी असते. पाड्यावरच्या फास्ट बॉलरला नेटमध्ये पहिल्यांदा बोल्ड काढता आलं की गावचं कोणीतरी म्हणणार, "हा फेकतो, सर." खरंही असेल. पण त्याचा निवाडा पोरांनी करायचा नाही. मोबाईल बाजूला, बॉलरच्या हाताच्या उंचीवर धरून स्लो मोशनमध्ये चार-पाच बॉल काढा. हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून बॉल सुटेपर्यंत कोपर किती सरळ होतं ते बघा. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये 15 अंशांपर्यंत चालतं. तुम्हाला अंश मोजता येणार नाहीत, पण उघड फेक असेल तर दिसते. मग फक्त त्याची नको, सगळ्या बॉलरची तपासणी करा. मला तर गावच्या बॉलरमध्येही फेकी सापडले आहेत. ज्यांची सापडेल त्यांना एकत्र बसवून एकच उपाय द्या: रनअप न घेता उभ्याने टाकायचं, सरळ हाताने, कमी वेगाने, महिनाभर. फेकी म्हणून हिणवलेले दोघं वेगवेगळ्या गावचे निघाले की त्यांचं बरं जमतं, असंही पाहिलंय.

शिवीबद्दल. जातीवरून, पाड्यावरून, भाषेवरून, दिसण्यावरून बोललं तर त्या दिवसाचा सराव बंद आणि पुढची मॅच बाहेर. टीमचा सगळ्यात चांगला बॅट्समन असला तरी, किंबहुना तो असला तर पहिल्यांदा. गंमतीत म्हटलं होतं, हे कारण ऐकून घेऊ नका. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा 1989 चा कायदा तुम्हाला शिक्षक म्हणून माहीत असला पाहिजे. चार लोकांसमोर जातीवाचक अपमान करणं हा त्यात गुन्हा आहे. पोरांना रोज कायद्याची भीती दाखवू नका, त्याने चीड वाढते. पण मारहाण झाली किंवा प्रकार पुन्हा पुन्हा घडला तर "पोरांचं आहे, मिटवून टाकू" म्हणून स्वतःच्या अंगावर घेऊ नका, मुख्याध्यापकांना लेखी कळवा.

वसतिगृहातल्या पोरांचं वेळापत्रक गावच्या पोरांपेक्षा वेगळं असतं, हे बऱ्याच क्रीडाशिक्षकांच्या लक्षात येत नाही. सकाळचा सराव लांबला की त्यांचा नाश्ता हुकतो. पोरगं उपाशीपोटी सहा ओव्हर टाकतं, सातव्याला धापा टाकतं, आणि आपण म्हणतो दम नाही. गृहपालांना भेटा, सरावाच्या दिवशी पोरांचं ताट झाकून ठेवायची विनंती मुख्याध्यापकांच्या सहीने द्या. संध्याकाळी गेट बंद व्हायच्या वेळेआधी पोरं परत पोचवायची जबाबदारी तुमची. मॅचसाठी बाहेरगावी न्यायचं तर परवानगीला वेळ लागतो, आदल्या दिवशी धावपळ करून ती मिळत नाही.

तारखाही दोन्ही बाजूंच्या बघून ठरवा. 9 ऑगस्टला आदिवासी दिनाला पाड्यावरची पोरं असणार नाहीत, आणि त्यांना रोखूही नका. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई देवी बसते, गावच्या घरांत नैवेद्याच्या रोटांची गडबड असते, त्या दिवशी गावची पोरं येणार नाहीत. पोळा दोघांचाही. या सगळ्या तारखा एकाच कागदावर लिहून नोटीस बोर्डावर लावा, म्हणजे कुणाचा सण म्हणजे दांडी आणि कुणाचा म्हणजे सुट्टी असं होत नाही. मात्र गॅदरिंगमध्ये "आपल्या टीममधली विविधता" म्हणून त्या पोरांना पावरी हे वाद्य वाजवत स्टेजवर नाचवू नका. त्यांना हौस असेल तर ते स्वतः सांगतील. सप्टेंबरमध्ये मॅच असलेल्या बॉलरला नटवून उभं करण्यात क्रिकेटही नाही आणि सन्मानही नाही.

मॅचच्या दिवशी जेवण एकत्र हवं. गावच्या पोरांचे घरून डबे येतात, वसतिगृहातली पोरं कोपऱ्यात बिस्किटचा पुडा फोडतात, आणि तिथेच पुन्हा दोन कोंडाळी होतात. आपल्याकडे यावर सोपा उतारा आहे, वरण-बट्टी. वर्गणी काढा, नाहीतर एखाद्या पालकाच्या गळ्यात घाला, शेतात करा. शाकाहारीच ठेवा. गुजर-लेवा घरांत बरेच जण माळकरी किंवा शाकाहारी असतात, बाकी कुणाचं बट्टीवाचून अडत नाही. कोण घरी काय खातं यावर जेवताना विनोद नकोत.

एप्रिलची टेनिस स्पर्धा पुढच्या वर्षी पुन्हा येईल, आणि तेव्हा ही पोरं आपापल्या गावाकडून एकमेकांविरुद्ध उतरतील. रोखू नका, रोखलं तरी ती चोरून खेळतील. मोठी माणसं बदलतील अशीही आशा धरू नका, पैज लावणारे लावतच राहतात. तुम्ही आयोजकांना एवढंच पटवा की अंपायर तिसऱ्या गावचे हवेत. बॅटिंग करणाऱ्या टीमचाच माणूस अंपायर, ही आपल्याकडची पद्धत निम्म्या भांडणांचं मूळ आहे. बॉल कोणता, वाइड कशाला म्हणायचं, अंपायरचा निर्णय कधी शेवटचा, हे टॉसआधी कागदावर लिहून दोन्ही कॅप्टनच्या सह्या घेतल्या की वादाला जागा कमी राहते.

शेवटचं काम मैदानावरचं नाही, पण उशीर झाला तर वरचं सगळं फुकट जातं. जिल्हा स्पर्धेच्या प्रवेशिकेला वयाचा पुरावा लागतो. वसतिगृहातल्या पोरांच्या जन्मदाखल्यावर एक तारीख, आधारवर दुसरी, शाळेच्या रजिस्टरवर तिसरी, नावाचं स्पेलिंग तिन्हीकडे वेगळं, असं सर्रास असतं. आदल्या आठवड्यात हे उघडकीला आलं की नेमकी पाड्यावरची पोरं टीममधून गळतात. कारण कागद असलं तरी त्यांना, त्यांच्या घरच्यांना आणि गावच्या पोरांनाही त्याचा अर्थ वेगळाच दिसतो. दुरुस्तीला तहसील, ग्रामपंचायत, आधार केंद्र अशा चकरा लागतात, आणि पाड्यावरून आई-बापाला त्यासाठी रोज बुडवून यावं लागतं. तेव्हा या आठवड्यातच क्लार्कजवळ बसून सगळ्या संभाव्य खेळाडूंचे कागद काढा. गावच्या पोरांचेही काढा, त्यांच्यातही एखादं निघतंच.